लाउडन काउंटीच्या सुपरवायझरपदाच्या उमेदवाराची आश्वासने कशी तपासावीत

आपण अ‍ॅशबर्नमध्ये राहता, नुकतेच नागरिकत्व मिळाल्यामुळे अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या लाउडन काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) बोर्ड ऑफ सुपरवायझर्ससाठी, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या निर्वाचित मंडळासाठी, 2027 च्या नोव्हेंबरात प्रथमच मतदान करणार आहात, आणि दारावर येऊन गेलेल्या एका इच्छुक उमेदवार बाईंनी पाच प्राधान्ये सांगितल्याचे लिहिले आहे: घरपट्टी कमी करणे, नवी डेटा सेंटर्स थांबवणे, डलेस ग्रीनवे या रस्त्याचा टोल उतरवणे, शिक्षकांचे पगार वाढवणे आणि वस्ती सुरक्षित ठेवणे. पाचही गोष्टी पटतात, मग त्यांच्यावर विश्वास ठेवावा की नाही हे कसे ठरवावे, असा आपला प्रश्न आहे. अर्थसंकल्पावरील आणि जमीनवापरावरील जनसुनावण्यांना मी पुष्कळ वर्षे काउंटीच्या मुख्य ठिकाणी, लीसबर्गला, जात आलो आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की उमेदवाराचा हेतू किती चांगला आहे यापेक्षा, त्याला त्या पदाचा अधिकार नेमका किती आहे आणि त्याची आश्वासने एकमेकांशी जुळतात का, हे आधी पाहावे.

अधिकाराच्या बाबतीत व्हर्जिनिया हे फार कडक राज्य आहे. जॉन डिलन या न्यायाधीशाने 1868 साली मांडलेला नियम येथे आजही लागू आहे. राज्याच्या विधिमंडळाने, म्हणजे रिचमंडच्या जनरल असेम्ब्लीने, जो अधिकार स्पष्टपणे दिला आहे किंवा त्यातून जो अटळपणे निघतो, तेवढाच काउंटीला वापरता येतो. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद 1961 च्या राज्य कायद्याच्या चौकटीत चालते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रचना अपरिचित वाटणार नाही. फरक मात्र महत्त्वाचा आहे. येथील काउंटी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हा वरून पाठवलेला अधिकारी नसतो, त्याला बोर्डच नेमते आणि बोर्डच काढू शकते. शिवाय अ‍ॅशबर्नला स्वतःची नगरपालिका नाही. लीसबर्ग किंवा पर्सेलव्हिल येथील लोकांना टाउन कौन्सिल असते, आपल्याला मात्र स्थानिक सरकार म्हणून काउंटीच आहे. नऊ सदस्यांच्या या बोर्डात अध्यक्षाची निवड संपूर्ण काउंटी करते आणि उरलेले आठ जण एकेका मतदारसंघातून येतात, म्हणून आपल्या वाट्याला दोन मते येतील.

या कसोटीवर टोलचे आश्वासन लगेच बाद होते. डलेस विमानतळापासून लीसबर्गकडे जाणारा ग्रीनवे 1995 पासून खाजगी कंपनीच्या ताब्यात आहे आणि त्याचे दर स्टेट कॉर्पोरेशन कमिशन हा राज्याचा नियामक आयोग ठरवतो. काउंटी त्या सुनावणीत पक्षकार म्हणून उभी राहू शकते, वकील देऊ शकते, रिचमंडला कायदा बदलण्याची विनंती करू शकते, आणि हे सर्व करणे योग्यच आहे, परंतु सुपरवायझर टोल उतरवू शकत नाही. रस्त्यांवरचे खड्डे आणि हिवाळ्यातला बर्फ यांचेही तसेच आहे. 1932 च्या बर्ड कायद्यापासून बहुतेक काउंट्यांमधील सार्वजनिक रस्त्यांची देखभाल राज्याच्या वाहतूक खात्याकडे आहे, आणि लाउडन त्यांपैकीच एक आहे. सुरक्षिततेचे काम येथे शेरीफचे, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचे, कार्यालय करते, आणि शेरीफ स्वतंत्रपणे निवडून येतो. बोर्ड त्याला पैसा देते, आदेश देत नाही.

शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. सरकारी शाळा चालवणारे स्कूल बोर्ड वेगळे निवडून येते आणि पगाराची श्रेणी तेच ठरवते, पण व्हर्जिनियात स्कूल बोर्डाला कर बसवण्याचा अधिकार नाही. ते मागणी करते, आणि किती द्यायचे हे सुपरवायझर ठरवतात. काउंटीच्या स्थानिक करातून येणाऱ्या पैशाचा सर्वांत मोठा वाटा शाळांकडेच जातो. म्हणून सुपरवायझरपदाचा उमेदवार शिक्षकांचे पगार वाढवीन असे म्हणतो, तेव्हा त्याचा प्रामाणिक अर्थ एवढाच असू शकतो की स्कूल बोर्डाची मागणी पूर्ण मान्य करण्यासाठी मी मत देईन. बाईंना हाच प्रश्न सरळ शब्दांत विचारावा: मागणी पूर्ण द्याल का, आणि त्यासाठी कराचा दर वाढवावा लागला तरीही द्याल का?

आता घरपट्टी. तिचा दर मूल्यांकनाच्या शंभर डॉलरमागे 2019 साली 1.045 डॉलर होता, तो 2025 साली 0.805 डॉलर झाला. एवढी घट पाहून कोणीही म्हणेल की कर कमी झाला. परंतु दर आणि बिल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, 2019 साली एखाद्या घराचे सरकारी मूल्यांकन 6 लाख डॉलर होते, तर बिल 6,270 डॉलर येत होते. त्याच घराचे मूल्यांकन 8 लाख 50 हजार झाले, तर कमी दरानेही बिल 6,842 डॉलरच्या पुढे जाते. दर उतरला, बिल वाढले. म्हणून ‘मी दर कमी करीन’ या वाक्याने समाधान मानू नये. सरासरी घराचे बिल कमी करणार की केवळ दर, हे विचारावे. वर घेतलेल्या घरासाठी दरातील एक सेंट म्हणजे वर्षाला 85 डॉलर होतात, तेव्हा किती सेंट आणि कोणत्या खर्चाच्या बदल्यात, इतक्या नेमकेपणाने उत्तर मागणे मुळीच अवाजवी नाही.

हा दर उतरू शकला याचे मोठे कारण डेटा सेंटर्स हे आहे, आणि आपल्या उमेदवाराची तीन आश्वासने येथेच एकमेकांना अडवतात. आपल्या अ‍ॅशबर्नच्या आसपास जगातील डेटा सेंटरांचा सर्वांत दाट पट्टा उभा राहिला आहे. त्या इमारतींमध्ये ठेवलेल्या संगणकीय उपकरणांवर काउंटी कर घेते. या इमारतींमुळे शाळेत मुले वाढत नाहीत, म्हणून काउंटीच्या दृष्टीने हे उत्पन्न अतिशय स्वस्तात मिळते. पण उपकरणांचे करपात्र मूल्य दरवर्षी घटत जाते, ती बदलण्याचा वेग कंपन्यांच्या हातात असतो, आणि उत्पन्नाचा एवढा मोठा हिस्सा एकाच धंद्यावर अवलंबून ठेवणे जोखमीचे आहे. नवी डेटा सेंटर्स थांबवायची, घरपट्टीही उतरवायची आणि शाळांना अधिक द्यायचे, हे तिन्ही एकाच वेळी कसे साधणार याचे उत्तर ज्या उमेदवाराकडे नाही, त्याने अर्थसंकल्प नीट वाचलेला नाही असे मी समजतो. उत्तर असूच शकत नाही असे नाही. दुसरे उद्योग आणणे, मेट्रोच्या सिल्व्हर लाइनवर 2022 च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या अ‍ॅशबर्न आणि लाउडन गेटवे स्थानकांभोवती दाट वस्ती व कार्यालये उभारणे, किंवा करातील सवलत पुढे ढकलणे, हे सर्व मार्ग बोलून दाखवता येतात. ते बोलून दाखवले पाहिजेत.

डेटा सेंटर थांबवण्याबाबत बोर्डाचा अधिकार खरा आहे, पण त्यालाही सीमा आहेत. 2025 च्या मार्चपर्यंत काही झोनमध्ये, म्हणजे ठरावीक वापरासाठी नेमलेल्या भागांमध्ये, डेटा सेंटर हा मालकाचा आपोआप मिळणारा हक्क होता. नियम पाळले की प्रशासन परवानगी देत असे आणि बोर्डापुढे मतदान होतच नसे. त्या महिन्यात बोर्डाने तो हक्क काढून टाकला आणि नव्या अर्जांना सार्वजनिक सुनावणी व मतदान बंधनकारक केले. परंतु ज्यांना आधीच मंजुरी मिळाली आहे, त्यांचा हक्क परत घेता येत नाही, आणि आधी दाखल झालेल्या काही अर्जांना जुन्या नियमांचे संरक्षण मिळाले. त्यामुळे पुढची काही वर्षे कोणीही निवडून आले तरी नव्या इमारती उभ्या राहताना दिसतीलच. उच्च दाबाच्या वीजवाहिन्या कोणत्या मार्गाने जाव्यात हे स्टेट कॉर्पोरेशन कमिशन ठरवते, डिझेल जनरेटरांची परवानगी राज्याचे पर्यावरण खाते देते. काउंटीच्या हातात जागा, उंची, घरांपासूनचे अंतर, आवाज आणि झाडांचा आडोसा या गोष्टी येतात, आणि शेजारी राहणाऱ्यांसाठी याच गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या आहेत.

म्हणून माझ्या मते सुपरवायझरची खरी परीक्षा जमीनवापरात होते. अर्थसंकल्प चुकला तर पुढच्या वसंतात दुरुस्त करता येतो. रीझोनिंग, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलणे, मंजूर झाले की ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते. काउंटीचा सर्वसाधारण आराखडा 2019 चा आणि नवी झोनिंग नियमावली 2023 च्या डिसेंबरची आहे. पश्चिमेकडील शेतीचा भाग, मधला संक्रमणपट्टा आणि आपला दाट पूर्वभाग यांच्या सीमांविषयी बाईंचे मत काय आहे, विकासक जी स्वेच्छेची आश्वासने लिहून देतात त्यांपैकी कोणती त्या अपुरी समजतात, आणि विकासकांकडून प्रचारासाठी देणगी घेतात का, हे विचारावे. प्रचाराच्या देणग्यांचा हिशोब राज्याच्या निवडणूक खात्याकडे नोंदवावा लागतो आणि तो कोणालाही पाहता येतो. बाई आधीपासून एखाद्या काउंटी समितीवर किंवा जमीनवापराबाबत बोर्डाला सल्ला देणाऱ्या प्लॅनिंग कमिशनवर असतील, तर त्यांच्या मतदानाच्या नोंदी बैठकींच्या कार्यवृत्तात मिळतील. दारावर दिलेल्या पत्रकापेक्षा त्या नोंदींवर मी अधिक भरवसा ठेवतो.

एक व्यावहारिक गोष्ट नव्या मतदारांना सहसा कोणी सांगत नाही. व्हर्जिनियाच्या मतपत्रिकेवर स्थानिक पदांच्या उमेदवारांपुढे पक्षाचे नाव छापलेले नसते, म्हणून केंद्राबाहेर दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते नमुना मतपत्रिका वाटतात. तसेच येथे मतदाराची पक्षनिहाय नोंदणी होत नाही. एखाद्या पक्षाने आपला उमेदवार जूनमधील प्राथमिक फेरीतून निवडायचे ठरवले, तर त्या फेरीत कोणताही नोंदणीकृत मतदार भाग घेऊ शकतो, मात्र एका वेळी एकाच पक्षाच्या. ज्या मतदारसंघात एका पक्षाचा जोर असतो, तेथे खरी निवड बहुधा जूनमध्येच होऊन जाते. बाईंना वर लिहिलेले प्रश्न विचारायचे असतील, तर ते त्या फेरीच्या आधी विचारावेत.