मारबतीने खुर्ची मागितली तर

अरे भाऊ, कथा वाचली. आजूबाजूच्या कटकटीतून पळायला म्हणून तू जादुई वास्तववाद, म्हणजे रोजच्या खऱ्या जगात सहज घडणारी जादू, लिहून राहिला ना, पळ बिनधास्त, मी पण लॉकडाऊनमध्ये तेच केलं, पण तुझी अख्खी वस्ती तिसऱ्याच पानावर उडते अन् सगळे तोंड वासून पाहत बसतात, तिथंच गडबड आहे. या प्रकारात कोणी फारसं चकित होतच नाही रे! कोलंबियाचा लेखक मार्केस, त्याच्या १९६७ च्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ कादंबरीत रेमेडिओस नावाची सुंदर पोरगी आभाळात जाते ती चादरींच्या घड्या करताना, अन् नंतर तिची भावजय फर्नांडा देवाकडे त्या चादरी परत मागत बसते. त्याच पुस्तकात केळीच्या मळ्यातल्या संपकऱ्यांवरचा गोळीबार पण आहे, १९२८ मध्ये कोलंबियात खरंच झालेला, म्हणजे पूर्ण पळणं त्यालाही जमलं नाही.

आपल्याकडे नागपुरात तर मारबत आहे ना बाप्पा, गावाची पीडा घेऊन जाणारा मिरवणुकीतला तो मोठा पुतळा. समज, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गर्दीत लोक ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडून राहिले, अन् काळी मारबत हळूच म्हणते, गुडघे दुखतात, खुर्ची द्या कोणी. एक आजी घरातून पाय डगमगणारी प्लास्टिकची खुर्ची आणते. बस. एवढीच जादू ठेव अन् बाकी सगळा घाम, धूळ, ढोलाचा आवाज खरा लिही. वस्ती उडवायची ते पुढच्या वेळी पाहू.