फ्री डिश की रिचार्जवालं? आधी माड बघा

आईबाबांसाठी डीडी फ्री डिश (दूरदर्शनची, महिन्याचा रिचार्ज नसलेली) घ्यावी की कंपनीची रिचार्जवाली, ही तुमची पोस्ट वाचली आणि आमचं डिचोलीचं घर डोळ्यासमोर आलं. तुमचेही आईबाबा दोघंच गावात, विरंगुळा म्हणजे टीव्ही, आणि दुकानदार सांगतोय वर्षाचा पॅक घ्या, स्वस्त पडेल. मलाही हेच सांगितलं होतं आणि मी ते मे महिन्यात ऐकलं. मे महिन्यात, गोव्यात राहून!

डिश बसवायला आलेल्या पोराने दहा मिनिटांत दोन माडांच्या मधून नेम धरला, सिग्नल फुल्ल, मी खूश होऊन वर्षाचे पैसे भरून मोकळा. जूनमध्ये भिजलेल्या झावळ्या डिशसमोर डुलायला लागल्या आणि आईची मालिका रोज चौकोन चौकोन होऊन अडकायची. जोरदार पावसात थोडा वेळ सगळ्यांचंच जातं, फ्री डिशचंही, ते धरून चाला. पण आमचं पाऊस थांबला तरी यायचं नाही. तक्रार केली की दोन दिवसांनी मेसेज, ग्राहक घरी नसल्याने तक्रार बंद. आई दिवसभर सोप्यावर बसलेली! असं तीनदा. चौथ्यांदा माणूस आला, वर बघितलं आणि म्हणाला माड कापा. बोला आता. डिश दोन हात सरकवायचे पैसे वेगळे, आणि पॅक सुरू झाला म्हणून रिफंड नाही. शेवटी गणेश चवथीच्या आधी पाडेल्याला (नारळ पाडणाऱ्याला) बोलावून झावळ्या उतरवल्या, नारळ मिळाले तेवढीच वसुली.

तर आधी आकाश बघा. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला साधारण ६० अंश वर. तिथे माड आला तर नुसत्या चांगल्या डिशने काही होत नाही. बाकी कंपन्यांचे उपग्रह वेगळे, दिशा थोडी बदलते, बसवणाऱ्याला विचारून घ्या.

माझं मत विचाराल (मी टेक्निशियन नव्हे, चुकलं तर सांगा) तर बाबा बातम्या आणि क्रिकेटवाले असतील तर डीडी फ्री डिश पुरे. बॉक्स-डिशचा खर्च एकदाच, महिन्याचं काही नाही, सह्याद्री आहे, डीडी गोवा आहे. शिवाय भारताच्या ज्या मॅचेस खाजगी चॅनलना प्रसार भारतीला (दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला) द्याव्याच लागतात त्या डीडी स्पोर्ट्सवर फ्री डिशला दिसतात, प्रायव्हेट डीटीएचवरच्या (म्हणजे रिचार्जवाल्या डिशवरच्या) डीडीला नाही, सुप्रीम कोर्टाने २०१७ला तसं ठरवलंय. बॉक्स मात्र एमपेग-४चा (नव्या प्रकारचा सिग्नल चालणारा) घ्या, जुन्यावर बरेच चॅनल येत नाहीत.

पण आईला रात्रीच्या मोठ्या मराठी मालिका हव्यात ना, मग पे चॅनल घ्यावेच लागतील, तिथे कंजूषी नको, रोज बोलणी खाल. फक्त चॅनल सुटे निवडा, पॅकमध्ये भलत्याच भाषांचे शंभर चॅनल येतात, आणि चॅनलच्या किमतीवर एनसीएफ (कंपनीचं नेटवर्क शुल्क) किती लावतात ते विचारा, पूर्वी १३० रुपयांची मर्यादा होती, २०२४पासून ते कंपनीच ठरवते.

आणि काही झालं तरी पहिले चार महिने महिन्या-महिन्याचाच रिचार्ज करा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.