वाचकांचे प्रश्न : परदेशातले हलते पूल

परदेशप्रवासात पाहिलेल्या किंवा पाहायच्या पुलांबद्दल वाचकांनी बरंच विचारलं आहे. त्यातले पुलांच्या हालचालीशी संबंधित प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : लंडनचा मिलेनियम ब्रिज उघडला तेव्हा लोकांच्या चालण्यानेच डोलू लागला होता म्हणे. बांधकाम कच्चं होतं का? आई-वडिलांना त्यावरून न्यायला हरकत नाही ना?

बिनधास्त न्या. बांधकाम तेव्हाही कच्चं नव्हतं. फक्त पायी चालणाऱ्यांसाठी असलेला हा पूल १० जून २००० रोजी खुला झाला, त्यावर गर्दी लोटली आणि तो १२ जूनला बंद करावा लागला. भार पेलण्याची ताकद पुरेशी होती. गर्दीने पूल आडवा किती डुलेल, याचा अंदाज मात्र चुकला.

माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. प्रत्येक पावलाचा जोर खाली जातो, पण थोडासा बाजूलाही जातो : एका पावलाला डावीकडे, पुढच्याला उजवीकडे. म्हणजे आडव्या धक्क्याचं एक आवर्तन सुमारे सेकंदाभरात पुरं होतं. या पुलाच्या गाळ्यांची (दोन आधारांमधल्या भागांची) आडवं डुलण्याची लयही त्याच्याच आसपास होती. पूल किंचित डुलला की माणसं तोल सावरायला पाय फाकवून, त्या डुलण्याशी जुळवून घेत चालतात आणि नकळत त्याला आणखी झोका देतात. म्हणूनच ठरावीक गर्दीपर्यंत काही जाणवत नाही आणि त्यापुढे थोडीच माणसं वाढली तरी डुलणं एकदम वाढतं. पलटण पुलावर आली की कदमताल मोडायला सांगतात, हे आपल्याला ठाऊक असतं. इथे तर कोणी ताल धरून चालतच नव्हतं, म्हणून हा प्रकार अभियंत्यांना फार शिकवून गेला.

पूल जाडजूड करून ताठ केला असता तर त्याचा सडसडीतपणा गेला असता. त्याऐवजी हेलकाव्याची ऊर्जा शोषणारी साधनं बसवली : गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या तत्त्वावर चालणारे ३७ दट्टे, शिवाय स्प्रिंगवर बसवलेली, नेमक्या लयीला जुळवलेली वजनं. फेब्रुवारी २००२ मध्ये पूल पुन्हा खुला झाला. टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या बाजूला नदीकाठी उभं राहून पुलाच्या पोटाकडे जरूर पाहा. खरी करामत तिथे आहे, आणि वरून चालणाऱ्या बहुतेकांच्या ती नजरेतून सुटते.

प्रश्न : टॉवर ब्रिज उघडताना पाहायचा असेल तर किती वाजता जावं?

रोजची ठरलेली वेळ नाही. उंच जहाज यायचं असेल तेव्हाच पूल उघडतो. जहाजाने किमान २४ तास आधी कळवावं लागतं, त्यामुळे वेळापत्रक पुलाच्या संकेतस्थळावर आधीच लागलेलं असतं. ते निघण्यापूर्वी पाहा आणि त्याच दिवशी सकाळी पुन्हा एकदा पाहा, कारण बदल होतात. वर्षाला सुमारे ८०० वेळा पूल उघडतो, तरी तुमच्या चार दिवसांत एकच वेळ सोयीची निघू शकते. सगळा खेळ काही मिनिटांचा असतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटं आधी जागा धरा. दोन्ही पाती, म्हणजे मधोमध दुभंगून वर उचलले जाणारे रस्त्याचे दोन भाग, एका नजरेत हवी असतील तर पुलावर न थांबता दक्षिण काठावर पॉटर्स फील्ड्स बागेशी उभे राहा. दोन मनोऱ्यांना जोडणाऱ्या वरच्या मार्गिकेचं तिकीट काढणार असाल तर तीच वेळ साधा. तिथली जमीन काही भागात काचेची आहे, पाती पायाखाली उघडताना दिसतात.

एक पातं १,००० टनांहून जड आहे, पण मागच्या टोकाला प्रतिभार असल्याने ते तराजूसारखं तोललेलं असतं. पूर्वी वाफेच्या जोरावर पाण्याचा दाब साठवून ते उचलत. १९७६ पासून वीज आणि तेलाच्या दाबावर काम चालतं.

प्रश्न : सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर मध्यावर उभं असताना पायाखाली कंप जाणवला. हे धोक्याचं आहे का?

नाही. १,२८० मीटरचा मधला गाळा दोन जाड तारदोरांना टांगलेला आहे. जड बस गेली की तो थरथरणारच. जोरदार वाऱ्यात मध्यभाग बाजूला ८ मीटरपर्यंत सरकू शकेल, असा हिशेब धरूनच तो बांधला आहे. १९८७ साली पन्नाशीच्या सोहळ्यात अंदाजे ३ लाख माणसं एकाच वेळी पुलावर आली आणि रस्त्याची वर उचललेली कमान जवळपास सपाट झाली. गर्दी हटल्यावर पूल मूळ आकारात आला.

जाणाऱ्यांसाठी : पादचाऱ्यांना पूर्वेचा पदपथ आहे, चालायला पैसे पडत नाहीत. जून ते ऑगस्ट धुकं दाट असतं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हवा जास्त मोकळी. उन्हाळा असला तरी स्वेटर न्याच. भाड्याच्या गाडीने सॅन फ्रान्सिस्कोच्या दिशेने येताना टोल लागतो, पण रोख घेणारी खिडकीच नाही. टोल कसा वळता होईल आणि त्यावर सेवाशुल्क किती, हे गाडी ताब्यात घेतानाच विचारा.

प्रश्न : जपानचा आकाशी काइक्यो पूल भूकंपाने लांब झाला, हे खरं का?

खरं आहे. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपाच्या वेळी मनोरे आणि तारदोर उभे होते, रस्ता टांगायचा बाकी होता. जमीन सरकल्याने मनोऱ्यांमधलं अंतर सुमारे १ मीटरने वाढलं. १,९९० मीटरचा गाळा १,९९१ मीटर झाला. रस्ता जोडलेला नसल्याने नव्या मापाने आराखडा सुधारता आला आणि १९९८ मध्ये पूल खुला झाला. त्यावरून चालत जाता येत नाही. कोबेच्या बाजूला माइको स्टेशनजवळ पुलाच्या पोटात, समुद्रापासून ४७ मीटर उंचीवर फिरण्याची मार्गिका आहे, तिथे जा.

प्रश्न : सिडनी हार्बर ब्रिजचे दगडी मनोरे कमानीला आधार देतात का?

नाही, ते शोभेचे आहेत. ५०३ मीटरच्या कमानीचा भार पायथ्याच्या पोलादी बिजागऱ्यांवर येतो. पोलाद तापून फुगलं की कमानीचा माथा १८ सेंटीमीटरपर्यंत वर जातो, आणि बिजागऱ्या असल्यामुळेच तिला ते जमतं. आग्नेयेच्या मनोऱ्यात २०० पायऱ्या चढून वर जाता येतं. कमानीवर दोर बांधून चढण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं, आणि फोटोही मनासारखे काढता येतात.