वाचकांचे प्रश्न : हवेचे आकडे वाचायचे कसे?

गाळप हंगाम सुरू झाला की आमच्याकडे खोकल्याची पत्रं वाढतात. या खेपेला मात्र बहुतेकांनी बातम्यांमधल्या आणि फोनवरच्या आकड्यांबद्दल विचारलंय. कोणतं औषध घेऊ, अशी विचारणा असलेली पत्रं आम्ही बाजूला ठेवली आहेत. तो प्रश्न तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायचा.

प्रश्न : एका ॲपवर कोल्हापूरची हवा ९२, म्हणजे ‘समाधानकारक’. मुलाच्या फोनवर त्याच वेळी १४९ आणि नारंगी पट्टी. खोटं कोण बोलतंय? (राजारामपुरी)

दोन्ही खरे असू शकतात. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. एका घनमीटर हवेत ते ५५ मायक्रोग्रॅम असतील, तर भारतीय हवा गुणवत्ता निर्देशांकात त्याचे ९२ होतात आणि अमेरिकी निर्देशांकात १४९. हवा तीच, पट्ट्या वेगळ्या. आपल्याकडे ३१ ते ६० मायक्रोग्रॅम हा टप्पा ‘समाधानकारक’ धरतात. तिकडे पस्तिशी ओलांडली की दमेकरी, लहान मुलं आणि वृद्ध यांच्यासाठी इशारा सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांच्या सरासरीसाठी सुचवलेली मर्यादा तर १५ आहे. त्यामुळे ‘समाधानकारक’ या शब्दावर फार विसंबू नये, असं आमचं मत.

ॲपमध्ये निर्देशांकाच्या खाली सरकून मायक्रोग्रॅमचा आकडा बघा. तो दोन्ही ॲपवर जवळपास सारखा हवा. नसेल, तर माहिती कुठून येते ते तपासा. बरीच ॲप उपग्रह आणि हवामानाचं गणित जोडून अंदाज काढतात. तुमच्या गल्लीत यंत्र असतंच असं नाही. शहरात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मोजणी शिवाजी विद्यापीठ, रुईकर ट्रस्ट आणि महाद्वार रोड इथे होत आली आहे. हाताने चालवायच्या अशा केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ दिवस मोजायचं असा नियम असतो. वर्षाची सरासरी काढायला ते पुरतं, पण आज संध्याकाळी रंकाळा तलावावर फिरायला जावं की नाही हे त्यावरून ठरत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. निर्देशांक ही सगळ्या प्रदूषकांची सरासरी नसते. ज्याचा आकडा सर्वांत वाईट, तोच जाहीर होतो. पीएम २.५ चे ९२ असताना रस्त्यावरच्या धुळीमुळे पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) जर १७५ मायक्रोग्रॅम झालं, तर शहराचा निर्देशांक १५० दिसेल. म्हणून आकड्याशेजारी ‘मुख्य प्रदूषक’ म्हणून काय लिहिलंय तेही वाचा. धूळ पाणी मारून बसते, धूर बसत नाही.

प्रश्न : ‘प्रदूषणामुळे मृत्यूचा धोका २६ टक्के जास्त’ असं वाचलं. म्हणजे शंभरातली २६ माणसं जाणार का? (उचगाव)

नाही. हा आकडा १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या सहा शहरांच्या अभ्यासातला आहे. ८,१११ प्रौढांवर चौदा ते सोळा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सर्वांत प्रदूषित शहर स्टुबेनव्हिल, सर्वांत स्वच्छ पोर्टेज. पहिल्या शहरातला मृत्युदर दुसऱ्याच्या १.२६ पट निघाला, आणि बातमीत त्याचे ‘२६ टक्के’ झाले.

पट सांगितला की ‘कशाच्या पट?’ हे विचारायचं. समजा, स्वच्छ गावात वर्षाला हजारांत १० माणसं दगावतात (हा आकडा फक्त उदाहरणासाठी). १.२६ पट म्हणजे १२.६. हजारांमागे २.६ माणसं जास्त. एका माणसासाठी ही वाढ छोटी. पण पाच लाखांच्या शहराला लावली तर वर्षाला तेराशे जादा मृत्यू होतात. बातमी लिहिणारा यातला हवा तो आकडा उचलू शकतो, आणि तिन्ही बरोबरच असतात.

संशोधकांनी १.२६ च्या पुढे १.०८ ते १.४७ असंही छापलं होतं. नमुना ठरावीक माणसांचा असल्याने अंदाज इतका मागेपुढे होऊ शकतो, असा त्याचा अर्थ. खालचं टोक १ च्या वर आहे, म्हणून हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. तेच टोक ०.९ असतं, तर ‘धोका वाढतो’ असं ठामपणे म्हणता आलं नसतं. आता, प्रदूषित शहरात विड्या-सिगारेटी ओढणारे जास्त असतील, कारखान्यात काम करणारे जास्त असतील, ही शंका रास्त आहे. म्हणूनच धूम्रपान, शिक्षण आणि वजन-उंचीचं प्रमाण यांचा हिशेब वेगळा काढून मगच हा पट दिला होता, आणि कामावर धूळ खाणारे व न खाणारे यांचे आकडे वेगवेगळेही तपासले होते.

कोल्हापूरकरांनी या अभ्यासातला एक आकडा लक्षात ठेवावा. त्या सर्वांत ‘प्रदूषित’ शहरात बारीक कणांची सरासरी २९.६ मायक्रोग्रॅम होती. भारताची २००९ पासूनची वार्षिक मर्यादा आहे ४०. केंद्राच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत कोल्हापूर आहे. मानकं सातत्याने न पाळू शकलेल्या शहरांची ती यादी.

प्रश्न : डासांची एक कॉइल म्हणजे शंभर सिगारेटी, हे खरं का? (कागल)

अर्धं. २००३ सालच्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल जाळून धूर मोजला. एका कॉइलमधून निघालेले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले. त्याचं पुढे ‘शंभर’ झालं. पण हे कॉइलमधून खोलीत काय सुटतं त्याचं माप आहे, छातीत काय जातं त्याचं नव्हे. सिगारेट ओढणारा धूर सरळ आत घेतो. कॉइलचा धूर तासन्‌तास खोलीभर पसरतो आणि किती भिनतो ते खोलीच्या आकारावर आणि खिडकीवर ठरतं. शिवाय कॉइलमध्ये निकोटिन नसतं.

तरी दहा बाय दहाच्या बंद खोलीत उशाशी रात्रभर कॉइल ठेवणं वाईटच. मच्छरदाणी किंवा खिडक्यांना जाळी हा बरा उपाय. कॉइल लावायचीच तर तिन्हीसांजेला, खिडकी उघडी ठेवून, आणि झोपण्यापूर्वी विझवून टाका. अगरबत्ती आणि धूप यांनाही हेच लागू.

‘अमुक शहरात राहणं म्हणजे रोज इतक्या सिगारेटी’ ही तुलनाही अशीच सैल आहे. त्यात २२ मायक्रोग्रॅमला एक सिगारेट असा भाव धरतात, आणि तो लाखो लोकांच्या मृत्यूंच्या सरासरीवरून काढलेला आहे. तुमच्या एकट्याच्या फुफ्फुसाचा हिशेब त्यातून निघत नाही.

प्रश्न : घरापासून हाकेच्या अंतरावर गुऱ्हाळ आहे. हंगामात रात्री खोकला येतो, छाती भरते. मालक म्हणतात, उसाच्या चिपाडाचा धूर, त्यात कसलं आलंय केमिकल? खोकला धुरानेच येतो हे दाखवायचं कसं? (करवीर तालुका)

चिपाड असो, पाचट असो की लाकूड, अर्धवट जळालं की बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड सुटणारच. चिपाड ओलं असेल तर आच पाणी उडवण्यातच खर्च होते, चुलाण पुरतं तापत नाही आणि धूर काळा-पांढरा दाटून येतो. नीट वाळवलेलं चिपाड, ते थोडं थोडं करत चुलाणात टाकणं आणि उंच चिमणी, एवढ्यानेही फरक पडतो; मालकांशी बोलणं इथून सुरू करा. रात्री त्रास जास्त होण्याला हवामानाचंही कारण आहे. थंडीत जमीन लवकर गार होते, तिच्या लगतची हवाही गार होते आणि वर उबदार थर राहतो. धूर त्या थराखाली अडकतो आणि ऊन चढेपर्यंत गावावरच राहतो.

पुराव्यासाठी पीक फ्लो मीटर वापरा. श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते मोजणारी, जोरात फुंकायची ही प्लॅस्टिकची नळी औषधांच्या मोठ्या दुकानात मिळते. काटा शून्यावर आणा, उभे राहा, पूर्ण श्वास भरा, ओठ घट्ट लावून एका झटक्यात फुंका. असं तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहा. सरासरी काढायची नाही. रोज सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, दोन आठवडे. दम्याचा पंप वापरत असाल तर फुंकणं आधी, पंप नंतर. आकडे चुकतात ते ठरलेल्या कारणांनी : जीभ नळीच्या तोंडाशी येते, बोट काट्याच्या खाचेवर राहतं, काटा शून्यावर आणायचा विसरतो, किंवा एक दिवस बसून आणि एक दिवस उभं राहून फुंकलं जातं. थुंकल्यासारखं गालाने फुंकलं तर आकडा खोटाच मोठा येतो.

आता गणित. सकाळी ३२०, संध्याकाळी ३८० आलं, तर फरक ६०, सरासरी ३५०, म्हणजे सुमारे १७ टक्के चढउतार. प्रौढांमध्ये दोन आठवड्यांच्या अशा रोजच्या टक्क्यांची सरासरी १० च्या वर गेली तर दम्याची शक्यता धरतात. ती वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा. ते स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची चाचणी) करतील, औषध देऊन दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतील.

पण दमा आहे हे कळणं वेगळं आणि तो धुराने उठतो हे कळणं वेगळं. हंगामातले आकडे नुसते मे महिन्याशी ताडून पाहू नका, कारण थंडी आणि सर्दी-पडसं हेही हंगामातच असतं. त्याऐवजी वहीत आणखी तीन रकाने आखा : गुऱ्हाळ चालू की बंद, वारं घराकडे की उलट, सर्दी-ताप आहे का. ऐन हंगामातही गुऱ्हाळ मधे मधे बंद असतं. ते बंद दिवस आणि त्यांच्या आगेमागेचे चालू दिवस यांची तुलना करा. थंडी तीच, घर तेच, माणूस तोच. बदलला फक्त धूर. संशोधकही हीच युक्ती वापरतात. महिनाभराच्या अशा वहीला ग्रामपंचायतीत किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात तोंडी तक्रारीपेक्षा जास्त वजन येतं.

प्रश्न : शाळेत विद्यार्थ्यांसाठी हवा मोजायचा छोटा सेन्सर बसवला. जुलैत पीएम २.५ चक्क १८० दाखवतो. इथे ना कारखाना ना वाहनं! (गगनबावडा)

गगनबावड्याचं धुकं मोजताय तुम्ही. स्वस्त सेन्सर कण तोलत नाही. लेसरच्या झोतातून हवा जाते आणि किती प्रकाश विखुरला त्यावरून तो वजनाचा अंदाज करतो. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, धुक्याचे थेंबही झोतात येतात, आणि यंत्राला ते सगळे कणच वाटतात. सरकारी केंद्रात गाळणीवरचे कण ठरावीक आर्द्रतेत ठेवून मग वजन करतात, म्हणून तिथे हा घोळ होत नाही.

सेन्सरशेजारी आर्द्रता मोजायचं यंत्र लावा आणि ८० टक्क्यांच्या वरच्या नोंदी वेगळ्या रंगाने लिहा. पावसाळ्यात जवळजवळ सगळी वही त्या रंगाची होईल. होऊ द्या, मुलांना तेच शिकवायचंय. सेन्सर जमिनीपासून दीड-दोन मीटरवर, पावसाचा मारा नसलेल्या पण उघड्या जागी आणि पोषण आहाराच्या स्वयंपाकघरापासून लांब हवा. कोरड्या दिवसांत दोन आठवडे तो सरकारी केंद्राजवळ ठेवून दोघांच्या रोजच्या सरासऱ्या ताडून पाहिल्या, तर तुमचा सेन्सर किती पट जास्त किंवा कमी सांगतो ते कळेल. मिनिटामिनिटाला उडणाऱ्या आकड्यांवरून मात्र निष्कर्ष काढू देऊ नका.

प्रश्न : आमचे यजमान शिरोलीत फौंड्रीत फेटलिंगला (वाळूच्या साच्यातून काढलेले ओतीव भाग घासून साफ करायचं काम) आहेत. तोंडाला रुमाल बांधतात, तेवढं पुरतं का? (शिरोली)

पुरत नाही. वाळूतल्या सिलिकाचे घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि रुमालातून सहज जातात. किमान एन-९५ हवा, डोक्यामागून दोन पट्ट्यांचा, नाकावरची पट्टी दाबून बसवलेला; दाढी असली तर कडेने हवा शिरते. मास्क हा शेवटचा उपाय. धूळ ओढून घेणारा पंखा आणि शक्य तिथे पाणी मारून काम, हे आधी कारखान्याने करायचं असतं. सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग) झाला की बरा होत नाही, आणि त्यात क्षयाचा धोकाही वाढतो. छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री दरवर्षी करून घ्या, जुने रिपोर्ट जपून ठेवा, आणि कामाचे कपडे झटकायचे नाहीत. घरी आणल्यास ते वेगळे भिजवा.