मोठेपणी बाहुल्यांचे चेहरे रंगवायला शिकता येतं का? पुण्यात सुरुवात कुठून करावी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. तुम्ही शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली, त्यानंतर ब्रश हातात धरलेला नाही. तरी बार्बीसारख्या बाहुलीचा चेहरा पुसून नव्याने रंगवायला जमेल का? पुण्यात सामान कुठे मिळेल? आणि फ्लॅटमध्ये पाच वर्षांची मुलगी असताना हे घरात करावं का? मी कोथरूडला राहतो, या छंदात बरीच वर्षं आहे आणि कुणी हे विचारलं की मला मनापासून आनंद होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जमेल, नक्की जमेल. चेहरा मनासारखा आला नाही तर पुसायचा आणि पुन्हा काढायचा, इतकी मोकळीक चित्रकलेत क्वचितच मिळते. त्यामुळे दहा बाहुल्या गोळा करत बसू नका. एकच घ्या आणि तिचंच डोकं परत परत रंगवा. त्याच नाकाडोळ्यांवर काम करत राहिलं की पापणीची कड कुठे उठते, ओठांचा कोपरा कुठे वळतो हे हाताला पाठ होतं.

बाहुली नवी कोरी लागत नाही. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चक्कर टाका, नाहीतर ओळखीच्यांना माळे धुंडाळायला सांगा. घेताना गाल दाबून बघा. किंचित दबून परत वर आला तर विनाइल (मऊ, रबरासारखं प्लॅस्टिक), म्हणजे आपल्या कामाचा. कडक, पोकळ वाजणारं डोकं असेल तर राहू द्या. एक सावधगिरी: बार्बीच्या कमरेवर मॅटेलचा (बार्बी बनवणाऱ्या कंपनीचा) शिक्का आणि त्यात १९६६ साल दिसलं की काही विक्रेते ‘अँटिक’ म्हणून भाव चढवतात. ते साल त्या धडाच्या डिझाइनच्या हक्काचं आहे, बाहुली बनल्याचं नाही. पुढची कित्येक वर्षं तोच शिक्का पडत राहिला. मॉन्स्टर हायची (२०१० पासूनची मॅटेलचीच मालिका) एखादी बाहुली मिळाली तर उत्तम. तिचे डोळे मोठे असल्याने नवख्या हाताला जागा मिळते.

कारखान्यातला रंग अ‍ॅसिटोनने (नेलपॉलिश काढायला वापरतात ते द्रावण) निघतो. कापसाचा बोळा, टोकाला टूथपिकवर गुंडाळलेला कापूस, आणि घाई नाही. अ‍ॅसिटोन फक्त विनाइलच्या डोक्यावर वापरायचं. धडाचं कडक प्लॅस्टिक त्याने विरघळतं, चकाकी जाऊन चिकट होतं. त्यासाठी आधी डोकं काढून घ्या: गरम पाण्यात थोडा वेळ धरलं की मान मऊ पडते आणि डोकं हलक्या हाताने सुटतं, ओढाताण केली तर आतला खुंटा तुटतो. रंग गेला की भांड्यांच्या साबणाने चेहरा धुवा, पूर्ण वाळवा आणि त्यानंतर बोटं लावू नका. त्वचेचं तेल राहिलं की पुढचा थर धरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि नवीन मंडळी इथेच घाई करतात. कोऱ्या विनाइलवर पेन्सिल चालत नाही, पेस्टल (रंगीत खडूची पूड) ठरत नाही. आधी मॅट सीलंटचा, म्हणजे चकाकी नसलेल्या पारदर्शक लेपाचा, थर द्यावा लागतो, त्याने पृष्ठभागाला बारीक खरखरीतपणा येतो आणि रंगाला पकड मिळते. जगभरचे बाहुली रंगवणारे जपानच्या जीएसआय क्रिऑस कंपनीचा ‘मिस्टर सुपर क्लिअर’ मॅट स्प्रे वापरतात. आपल्याकडे तो स्केल मॉडेलचं सामान विकणाऱ्यांकडून मागवावा लागतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा कुठलाही पारदर्शक स्प्रे त्याच्या जागी घेऊ नका. त्यातले बरेचसे विनाइलवर कधी नीट वाळतच नाहीत, महिन्यांनी हात लावला तरी चिकट लागतात.

हा स्प्रे विषारी आहे, हे मी हळू आवाजात सांगणार नाही. साधा कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज आणि त्यावर कणांचं फिल्टर लावलेला रबरी अर्धा मास्क लागतो. तो औद्योगिक सुरक्षेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. तुमच्या बजेटमधले पहिले पैसे या मास्कवर जाऊ द्या, दुसरे स्प्रेवर. बाहुली, ब्रश, रंग हे सगळं नंतर, आणि स्वस्तातलं चालेल.

फवारणी गच्चीवर किंवा मोकळ्या बाल्कनीत, साधारण एक वीत-दीड वीत लांबून, झटकन हात फिरवत. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन विरळ थर, मध्ये अर्धा तास सुकायला. आणि इथे पुण्याची हवा मध्ये येते. हवेत आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की वाळताना थरावर पांढरं धुकं बसतं. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे आर्द्रता ८० च्या पुढे सहज असते, तेव्हा स्प्रेला हातही लावायचा नाही. उलट फेब्रुवारी ते मे दुपारची हवा इतकी कोरडी असते की मुंबईकरांनी हेवा करावा. त्यामुळे माझं वर्ष आपोआप वाटलं गेलंय: उन्हाळ्यात चेहरे, पावसाळ्यात केस आणि शिवणकाम. थंडीतही काम होतं, फक्त सकाळचं धुकं आणि दव ओसरू द्यायचं.

रंगांसाठी अप्पा बळवंत चौकातली स्टेशनरीची दुकानं पुरतात. सॉफ्ट पेस्टल मागा. शाळेच्या यादीतले असतात ते बहुतेक ऑइल पेस्टल, ते इथे उपयोगाचे नाहीत. सॉफ्ट पेस्टलची कांडी ब्लेडने खरवडून पूड करायची आणि मऊ ब्रशने गालावर, पापण्यांवर, नाकाच्या कडेला चोळायची. सोबत वॉटरकलर पेन्सिली, तीन शून्यांचा (000, अगदी बारीक टोकाचा) एक ब्रश आणि अ‍ॅक्रिलिकचे पाच-सहा रंग. मेकअपची आयशॅडो वापरू नका, त्यात तेल असतं. स्केचपेन आणि मार्कर तर अजिबात नाही. त्यांची शाई विनाइलमध्ये उतरते आणि रेष पसरत जाते.

काम थरांनी पुढे सरकतं. पेस्टलची छाया, मग फवारा. पेन्सिलीने डोळ्यांची आखणी, मग फवारा. त्यावर अ‍ॅक्रिलिक, परत फवारा. प्रत्येक फवाऱ्याने खालचं काम कुलूपबंद होतं. वरची रेघ चुकली तर ओल्या कापसाने फक्त तेवढीच पुसता येते.

डोळ्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण चेहऱ्यात जीव तिथूनच येतो. गणपतीच्या आधी कसबा पेठेच्या कुंभारवाड्यात जाऊन उभे राहा आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी बघा. कारागीर एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे वळत नाही. दोन्हीची वरची रेघ, मग दोन्हीची बुबुळं, असं जोडीने पुढे नेतो. बाहुलीलाही तेच लागू. बुबुळाचा गोल पूर्ण दिसला तर बाहुली दचकल्यासारखी दिसते, म्हणून वरची पापणी बुबुळाच्या माथ्यावर थोडी उतरू द्या. डोळ्याचा पांढरा भाग शुभ्र ठेवू नका, चिमूटभर करडा मिसळा, आणि वरच्या पापणीखाली सावलीची बारीक रेघ ओढा. प्रकाशाचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा. एकात डावीकडे आणि एकात उजवीकडे गेला की नजर फुटते. सारखेपणा तपासायला डोकं उलटं धरा किंवा आरशात बघा. सरळ बघताना न दिसलेला तिरकेपणा तिथे लगेच दिसतो. डोळे आणि ओठांवर ग्लॉस वार्निश सगळ्यात शेवटी, मॅटचा अखेरचा थर पूर्ण वाळल्यावर.

एक आग्रहाची गोष्ट. बाजारातल्या गोऱ्या बाहुलीचं अख्खं अंग रंगवून तिला सावळी करायला जाऊ नका, सांध्यांपाशी रंग घासून निघतो. मूळची गव्हाळ किंवा सावळ्या विनाइलची घ्या. बार्बीत आता बरेच वर्ण मिळतात. मग तिच्या गालांवर परदेशी व्हिडिओंत दिसतो तो फिका गुलाबी नाही शोभत. बर्न्ट सिएना किंवा विटकरी पेस्टल घ्या, ओठांना तपकिरीकडे झुकणारा लाल. आपल्याकडच्या मुलींसारखी दिसणारी बाहुली दुकानात फार कमी मिळते, आणि ती आपल्या टेबलावर तयार होताना बघणं यासारखं समाधान मला तरी दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

कपड्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथवर पोचालच. बार्बी साधारण एक-षष्ठांश मापाची आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचा सहावा हिस्सा १ मीटर ३७ सेंटिमीटर, आणि पन्हा जेमतेम २० सेंटिमीटर. हिशेब बरोबर असला तरी कापडाची जाडी सहापट कमी होत नाही, त्यामुळे पूर्ण लांबीचं नऊवारी कमरेला बोचक्यासारखं होतं. मी मीटरभरच घेतो, तेही जुन्या मलमलचं किंवा विरलेल्या रेशमाचं. काठांना रविवार पेठेतली अरुंद लेस. दागिन्यांसाठी तुळशीबागेत बाळकृष्णाचे आणि देवाच्या छोट्या मूर्तींचे दागिने बघा, बाहुलीच्या गळ्याला त्यातले काही नेमके बसतात. आणि गडद रंगाचं कापड चार वेळा धुऊन मगच नेसवा, नाहीतर काळा-लाल रंग विनाइलमध्ये उतरतो आणि तो डाग सहज जात नाही.

केस पिंजारलेले असतील तर कंडिशनर लावून टोकाकडून वर विंचरा, हव्या त्या आकारात बांधा, त्यावर गरम पाणी आणि लगेच गार पाणी ओता. नायलॉनचे केस त्या आकारात बसतात. अंबाडा असाच करतात.

आता मुलीचा प्रश्न. घरात करा, पण वाटणी पक्की ठेवा. अ‍ॅसिटोन पेट घेतं, त्यामुळे गॅसजवळ किंवा देवघरातल्या समईजवळ ते उघडायचं नाही; बाटली आणि स्प्रे कुलपात. फवारणीच्या वेळी मुलगी घराच्या दुसऱ्या टोकाला किंवा खाली खेळायला, आणि डोकी वास पूर्ण जाईपर्यंत बाहेरच झाकून ठेवायची. पेस्टल खरवडल्यावर टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका, पूड उडते. रंगवलेली बाहुली तिला खेळायला देऊ नका. हा रंग शोकेससाठी असतो, चावण्या-ओढण्यासाठी नाही. पण तिला शेजारी बसवून हात चालवायचाच असेल तर तिच्यासाठी सावंतवाडीची एखादी साधी लाकडी बाहुली आणि पोस्टर कलर आणा. त्या बाहुलीला फवारा लागत नाही, अ‍ॅसिटोनही नाही, आणि तुम्ही दोघी एकाच टेबलावर बसू शकाल.