‘विश्वासात पक्का’ की वचनात पक्का?

भायखळ्याहून एका वाचकाने विचारलंय: “आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) एका बंधूंना बायबलातलं स्तोत्र ११९ संपूर्ण पाठ आहे. सगळे त्यांना ‘विश्वासात पक्के’ म्हणतात. हा वापर बरोबर आहे का? आणि आपण ‘श्रद्धा’ न म्हणता ‘विश्वास’च का म्हणतो?”

वापर चूक आहे, आणि मुंबईभर तो कानावर पडतो. बायबल क्विझमध्ये पहिला आला की पोरगा ‘विश्वासात वाढला’. बंधूंना ‘वचनात पक्के’ म्हणा, त्यात कमीपणा काही नाही. स्तोत्र ११९ ची १७६ वचनं हिब्रूत आठ-आठच्या बावीस गटांत आहेत आणि एका गटातलं प्रत्येक वचन एकाच अक्षराने सुरू होतं. पाठांतराला ती केवढी सोय! मराठीत ती अक्षरांची खुंटी उरत नाही, म्हणजे बंधूंची मेहनत दुप्पट. पण ती मेहनत स्मरणाची.

आता विश्वास. ‘विश्व’ अधिक ‘आस’ म्हणजे विश्वाची आस, असलं काही व्यासपीठावरून ऐकलं असेल तर तिथेच सोडून द्या. संधी जुळला म्हणून व्युत्पत्ती होत नाही. धातू ‘श्वस्’, मागे ‘वि’: मोकळा श्वास घेणं, निर्धास्त होणं. कोशात एवढं सापडेल. मला खरी गोडी आहे ती दुसऱ्या शब्दाची.

‘श्रद्धा’ म्हणजे श्रत् अधिक धा. ‘धा’ म्हणजे ठेवणं. लॅटिनमध्ये प्रेषितांचा विश्वासनामा ज्या शब्दाने सुरू होतो तो ‘क्रेदो’ (मी विश्वास ठेवतो) याच जोडीतून आलाय. लॅटिन-ग्रीकमध्ये जिथे ‘क’, तिथे संस्कृतात पुष्कळदा ‘श’ येतो: केन्तुम आणि शत, देकेम आणि दश. हृदयाला लॅटिनमध्ये ‘कोर’, ग्रीकमध्ये ‘कार्दिया’. त्या हिशेबाने संस्कृतातही ‘श’नेच सुरू होणारा शब्द हवा होता, रूढ झाला तो ‘ह’वाला ‘हृद्’. नियमाने येणारं रूप ‘श्रद्धा’त तेवढं लपून राहिलं. म्हणजे श्रद्धा ठेवणं हे शब्दशः काळीज ठेवणं.

यावर दोन बाजूंनी हरकत येते. निघंटूत ‘श्रत्’ हे सत्याच्या नावांत मोजलंय आणि आपले संस्कृत पंडित तेच धरून बसतात. पण निघंटू ही वैदिक शब्दांची यादी आहे. तिच्या काळी जुना अर्थ विसरला गेला असणं सहज शक्य आहे. दुसरे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ बेनव्हेनिस्त. त्यांना हृदयाची ही कल्पनाच मान्य नाही. त्यांच्या मते ‘क्रेद’ (‘श्रत्’ आणि ‘क्रेदो’ यांच्या मागचं मूळ) ही देवापाशी ठेवायची, परतफेडीची अपेक्षा असलेली एक ठेव. विद्वान मोठे, पण ध्वनिनियम इतका चपखल बसत असताना तो झटकून टाकणं मला हट्टाचं वाटतं. आणि गंमत बघा, त्यांचं मानलं तरी ‘धा’ जागचा हलत नाही. काळीज ठेवा नाहीतर ठेव ठेवा, ठेवावं लागतंच!

आणि मराठीत आपण काय म्हणतो? विश्वास *ठेवतो*. संस्कृत ‘विश्वास’ शब्दात ‘धा’ नव्हता, तो मराठीने क्रियापदातून परत आणला, असं माझं मत आहे. कुणी योगायोग म्हणेल, खुशाल म्हणो. पण ज्ञान ‘ठेवून’ बघा बरं. ज्ञान मिळतं, वाढतं, पाजळता येतं; कुणावर ठेवता येत नाही. ठेवायला समोर कुणीतरी लागतं, म्हणून ‘वर’ हा प्रत्यय येतो. माहितीला ‘ची’ पुरते: येशूची माहिती. ओळखीला ‘शी’ लागतो: येशूशी ओळख. विश्वास ‘वर’शिवाय उभाच राहत नाही.

ही प्रत्ययांची बाब हलकी नाही. ‘पिस्तिस’ (विश्वास) हे ग्रीक नाम योहानाच्या शुभवर्तमानात एकदाही नाही. ‘पिस्तेउओ’ (विश्वास ठेवणं) हे क्रियापद मात्र शंभराच्या आसपास वेळा येतं, आणि पुष्कळदा ‘एइस’ (आत, कडे) या अव्ययाबरोबर, आणि ही जोडी एरवीच्या ग्रीकला नवखी आहे. प्राचीन ख्रिस्ती आचार्य ऑगस्टिनने लॅटिनमध्ये हाच भेद धरला. मराठीत तो आयता मिळतो: देव मानणं, देवाचं मानणं, देवावर विश्वास ठेवणं. याकोबाच्या पत्रात (२:१९) भुतंही देव एकच आहे हे मानतात आणि कापतात. त्यांची माहिती अचूक आहे, कमी पडतो तो ‘वर’.

योहान २:२३-२४ तर मुळातून बघण्यासारखं. चिन्हं बघून पुष्कळांनी येशूच्या नावावर विश्वास ठेवला, पण येशूने स्वतःला त्यांच्या हाती सोपवलं नाही. ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच. मराठीत पहिल्या जागी विश्वास, दुसऱ्या जागी भरवसा असे वेगळे शब्द पडले की तो टोला वाचकाला लागतच नाही.

उलट टोकाचेही आहेत. “बायबल वाचून काय होतंय, विश्वास हवा!” असं म्हणणाऱ्यांनी १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रोटेस्टंटांची प्रश्नोत्तररूपी शिकवण, काढावी. एकविसाव्या प्रश्नाच्या उत्तरात खऱ्या विश्वासात आधी खात्रीचं ज्ञान मोजलंय, मग मनापासूनचा भरवसा. कोण, कसा, हे ठाऊक नसताना नुसता भरवसा टाकला की भरवशाच्या म्हशीला टोणगा. मात्र ज्ञान तिथेच थांबलं की काय होतं, ते १ शमुवेल २:१२ मध्ये आहे. एलीचे मुलगे याजक, यज्ञाची सगळी रीत त्यांना ठाऊक, आणि तरी ते परमेश्वराला ओळखत नव्हते.

हिब्रूकडे जाता जाता. ‘आमेन’चा धातू ‘अमन’. त्याच्यापासून ‘एमुना’, म्हणजे विश्वासूपणा, स्थिरपणा. निर्गम १७:१२ मध्ये अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे हात भरून येतात. त्याला दगडावर बसवतात, एकीकडून अहरोन आणि दुसरीकडून हूर हात धरतात, आणि सूर्यास्तापर्यंत त्याचे हात ‘एमुना’ राहतात. भाषांतरात ‘स्थिर’. पाठांतराचा इथे संबंधच येत नाही.

राहिलं ‘श्रद्धा’ का नाही. कॅथलिक लिखाणात श्रद्धा, भाविक हे शब्द सहज येतात. प्रोटेस्टंट मंडळी बिचकतात, कारण ‘श्राद्ध’ त्याच शब्दातून निघालंय आणि ‘अंधश्रद्धा’ शेजारीच उभी. शब्दात दोष नाही. ‘श्रद्धा हृदयाची, विश्वास डोक्याचा’ ही प्रवचनातली वाटणी मात्र बिनबुडाची आहे. श्वास डोक्यात असतो का?

आणि हो, ‘विश्वासी’ हे हिंदी बायबलातून मुंबईच्या दुभाषी सभांत आलंय. मराठीत ‘विश्वास ठेवणारा’. ‘विश्वासू’ म्हणजे ज्याच्यावर विसंबता येतं तो, अर्जाखाली ‘आपला विश्वासू’ लिहितो तो. ग्रीक ‘पिस्तोस’ला हे दोन्ही अर्थ आहेत, पण तेवढ्यावरून मराठीत गल्लत करायचं कारण नाही.