राइड ‘लागते’ तेव्हा

सुट्ट्या संपत आल्या की माझ्याकडे एकाच विषयाची पत्रं येतात: सिम्युलेटर राइड (पडद्यासमोर हलणाऱ्या खोलीत बसून प्रवासाचा भास), मळमळ, चक्कर. कान-नाक-घशाच्या डॉक्टरला हे कशाला विचारायचं, असं काहींना वाटतं. तोल कानात असतो, म्हणून. यंदा ओरलँडोच्या डिस्ने पार्कांत जाऊन आलेल्यांची आणि निघालेल्यांची पत्रं जास्त आहेत.

कसारा घाटात मी स्वतः गाडी चालवतो, कधी मळमळलं नाही. डिस्नेच्या ‘स्टार टूर्स’ सिम्युलेटरमध्ये मात्र दोन मिनिटांत घाम फुटला. असं का? (नाशिक)

घाटात पुढचं वळण आधी दिसतं आणि स्टिअरिंग तुमच्या हातात असतं, म्हणून मेंदू तयार असतो. सिम्युलेटरची खोली मात्र जागची फारशी हलतच नाही. पडद्यावर यान सुसाट सुटतं तेव्हा ती फक्त मागे कलते. पाठ खुर्चीत रुतली की मेंदूला वाटतं, वेग वाढला. गुरुत्वाकर्षण वाढता वेग म्हणून खपवायची ही चलाखी, आणि सगळी गंमत तिच्यातच आहे. पण डोळ्यांना दिसते तेवढी हालचाल आतल्या कानाला जाणवत नाही. दोघांच्या साक्षी जुळेनाशा झाल्या की कुणाला थरार वाटतो, कुणाला ओकारी येते, बऱ्याच जणांना दोन्ही. ही कमजोरी नव्हे. मायग्रेनवाल्यांना हा त्रास जास्त होतो. अर्धं डोकं दुखण्याची सवय असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

उपाशीपोटी बसलेलं बरं का?

नाही. हलकं खा आणि तासाभराने बसा.

डोळे मिटून घेतले तर चालतं?

पडद्यासमोरच्या सिम्युलेटरमध्ये चालतं. ‘मिशन: स्पेस’ या डिस्नेच्याच अंतराळयानाच्या राइडच्या फिरत्या प्रकारात नको. तिथे यंत्र खरोखर गरगरतं, आणि मध्येच मान वळवली की कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्यांचा पुरता गोंधळ उडतो. डोकं टेकवून समोर बघत राहा.

सासूबाई म्हणतात, सीटवर वर्तमानपत्र घालून बसलं की लागत नाही. विमानतळावर मनगटाच्या पट्ट्याही मिळतात. (सांगली)

वर्तमानपत्र वाचायला असतं, तेही चालत्या गाडीत नको. पट्ट्यांच्या खोक्यावर छापलेली खात्री अभ्यासांत काही दिसत नाही. आलं चघळायला हरकत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी विचारा.

मुलगी सात वर्षांची. मेडिकलवाल्याने गाडी लागू नये म्हणून प्रोमेथाझिन दिलंय, अर्धी गोळी देऊ का? शेजारीण म्हणते, घरात उलटीवरचं ऑनडॅनसेट्रॉन उरलंय तेच दे.

शेजारणीला सांगा, गाडी लागण्यावर ऑनडॅनसेट्रॉनचा उपयोग होत नाही. प्रोमेथाझिन किंवा मेक्लिझिन निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यावं लागतं. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतच नाही. या गोळ्यांनी गुंगी येते. दोन वर्षांखालच्या मुलाला तर प्रोमेथाझिन द्यायचंच नाही, श्वास मंदावू शकतो. तुमच्या मुलीची मात्रा मेडिकलवाल्याने ठरवायची नाही. बालरोगतज्ज्ञांना फोन करा.

आई ६४ वर्षांची, बीपीची गोळी चालू आहे. सगळ्यांची तिकिटं काढलीत. एवढ्या लांब येऊन तिला ‘तू बसू नकोस’ कसं म्हणू? (न्यू जर्सी)

‘मिशन: स्पेस’ २००३ मध्ये सुरू झाली. फिरताना अंगावर आपल्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो; यानात उलटीच्या पिशव्या ठेवलेल्या असतात. २००५ मध्ये चार वर्षांचा एक मुलगा आणि २००६ मध्ये ४९ वर्षांची एक जर्मन महिला या राइडनंतर दगावली. मुलाला हृदयाच्या स्नायूचा आजार निघाला. त्या बाईंना मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि रक्तदाब आधीपासून होता. २००६ मध्येच न फिरणारा ‘ग्रीन’ प्रकार आला. राइडनेच जीव घेतला असं मी म्हणत नाही. दारावरची इशाऱ्याची पाटी कुणासाठी असते, एवढंच सांगते. तिकीट अख्ख्या पार्कचं असतं, ते एका राइडमध्ये वसूल करायची घाई कशाला? फिरत्या प्रकारात आईंना बसवू नका, ‘ग्रीन’मध्येही त्यांच्या फिजिशियनना विचारूनच.

परत येऊन तीन आठवडे झाले, अजून कूस बदलली की खोली फिरते. राइडचाच परिणाम ना? ओळखीतल्या एकाने चकरेवर सिनारिझिन सांगितलं, तेच घेतोय. (ठाणे)

तीन आठवडे! राइड लागली तर काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत उतरते. कूस बदलताना काही सेकंदच खोली फिरत असेल, तर बहुधा कानातले चुन्याचे बारीक कण जागा सोडून नळीत शिरलेत. मी पेशंटला टेबलावर बसवते, मान एका बाजूला वळवून झटकन आडवं करते. बुबुळं थरथरू लागली की कोणता कान ते कळतं. मग डोकं ठरलेल्या क्रमाने फिरवून कण माघारी पाठवायचे. दहा मिनिटांचं काम. त्यासाठी लोक महिनोन्‌महिने गोळ्या गिळतात! अशा गोळ्यांनी मेंदू सुस्तावतो, तोल सावरायचं शिकत नाही. आणि सिनारिझिन लांबलं तर वयस्कर माणसांचे हात पार्किन्सनसारखे थरथरू लागतात. ओळखीतल्यांनी हे सांगितलं होतं का?

चकरेबरोबर एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. ‘मळ असेल’ म्हणून तेल घालून पंधरवड्याने येणारे मी पाहिलेत. तोवर ऐकू येणं परत मिळवायची संधी बरीचशी गेलेली असते. जीभ अडखळली, एकाचे दोन दिसले, चालताना एका बाजूला झोक जाऊ लागला, तर माझ्याकडेही नको, थेट इस्पितळाच्या तातडीच्या विभागात.

तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही, पण पत्रावरून कान तपासता येत नाही. उद्याच ठाण्यातल्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्या. वेळ घेताना सिनारिझिन चालू असल्याचं सांगा आणि त्या सकाळची गोळी घ्यायची की नाही तेही विचारा. गोळी पोटात असली की बुबुळं कधीकधी थरथरतच नाहीत.